बत्त्याने दूध प्यायलं, तिथून पुढे

टीव्हीवर मी पहिल्यांदा दिसले तेव्हा फक्त माझा उजवा हात दिसला होता.

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. त्या दिवशी सकाळपासून देशभर गणपती दूध पीत होते. मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होते, विषय इमल्शन. म्हणजे एका द्रवात न विरघळणारे दुसऱ्या द्रवाचे थेंब कसे तरंगत राहतात, ते. दूध हे इमल्शनच; पाण्यात चरबीचे थेंब. त्यामुळे दुपारी आमचा लॅब असिस्टंट देवळातल्या रांगेतून दोन तास उशिरा आला आणि म्हणाला, "मॅडम, चमचा रिकामा झाला हो, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं," तेव्हा मी जागची हललेही नाही. कॅन्टीनमधून कपभर दूध मागवलं आणि खलातला चिनी मातीचा बत्ता उचलला.

चमचा काठोकाठ भरला की दूध काठाच्या किंचित वर फुगून उभं राहतं. तो पृष्ठताण. त्या फुगवट्याला बत्त्याचं ओलं गोल टोक टेकवलं, चमचा जरासा, कळेल न कळेल इतका कलला, की दूध बत्त्याच्या अंगावर पातळ थरासारखं पसरतं आणि वाट सापडल्यावर मागचं दूध त्याच्यामागून खाली ओघळतं. पांढऱ्या बत्त्यावर पांढरा थर दिसत नाही. दिसतो तो फक्त रिकामा होणारा चमचा. मी दुधात मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाकला आणि पुन्हा पाजलं. बत्त्याच्या पोटावरून निळी रेघ सरळ माझ्या मनगटापर्यंत आली.

कुणीतरी ही गंमत आमच्या भागातल्या केबलवाल्याला सांगितली. तो रात्री आठ वाजता स्थानिक बातम्या दाखवायचा आणि त्याचा कॅमेरामन एरवी लग्नांची शूटिंग करायचा. तो खांद्यावर कॅमेरा घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, परत एकदा पाजा." मी आठ वेळा पाजलं आणि प्रत्येक वेळी पृष्ठताण समजावून सांगितला. रात्री होस्टेलच्या टीव्हीवर सगळ्याजणी जमलो. पडद्यावर बत्ता, चमचा आणि माझा हात. माझा आवाज नव्हताच. त्या जागी त्याने सनई टाकली होती.

त्याच दिवशी दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनीही रंगवलेलं दूध पाजून दाखवलं, हे नंतर वाचलं. तरी आमच्या असिस्टंटचं मत शेवटपर्यंत हेच होतं की बत्त्याचं ठीक आहे, पण देवळातली गोष्ट वेगळी.

महिन्याभराने, २४ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत खग्रास सूर्यग्रहण होतं. खग्रास पट्टा राजस्थानापासून बंगालपर्यंत, आपल्याकडे खंडग्रासच. मी दिवाळीला कराडला घरी गेले होते. १९८० च्या १६ फेब्रुवारीला याच घरात मला, अकरा वर्षांच्या मुलीला, दारं-खिडक्या लावून कोंडलं होतं. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. या वेळी दूरदर्शनवर थेट प्रक्षेपण होतं आणि प्रा. यशपाल बोलत होते. तेच, 'टर्निंग पॉइंट'मध्ये प्रेक्षकांच्या पत्रांना उत्तरं देणारे, पांढऱ्या केसांचे. आई फराळाची ताटं भरत होती, टीव्हीकडे तिची पाठ. एका क्षणी ती हातातली चकली तशीच धरून वळली. खग्रास ग्रहणात क्षणभर दिसते ती हिऱ्याची अंगठी पडद्यावर लकाकली होती, पण आईला वळवलं ते चित्राने नाही. बोलणाऱ्याच्या आवाजातल्या आनंदाने. मोठा माणूस लहान मुलासारखा खूश झाला होता.

यशपाल मूळचे वैश्विक किरणांचे अभ्यासक, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. १९७३ मध्ये ते अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे पहिले संचालक झाले आणि १९७५-७६ च्या 'साइट' प्रयोगात सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांपर्यंत अमेरिकी उपग्रहावरून टीव्ही पोचला. खेड्यांतल्या अँटेना कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या. मला हे सगळं पुढे कळलं. त्या सकाळी एवढंच वाटलं, की असं बोलता आलं पाहिजे.

आलं नाही. निदान दहा वर्षं तरी नाही.

२००१ मध्ये एका वाहिनीसाठी मुलांची विज्ञानमालिका होणार होती. दर आठवड्याला दहा मिनिटं. तोवर मी संस्थेत कायम झाले होते, आणि बत्त्याची गोष्ट ऐकलेल्या एकाने माझं नाव सुचवलं. पहिल्या भागाची संहिता मी शोधनिबंधासारखी लिहिली: आधी व्याख्या, मग इतिहास, मग उपयोग. दिग्दर्शिका माझ्याहून लहान, बोलायला फटकळ. तिने कागद वाचून विचारलं, "मॅडम, हे संध्याकाळी साडेसातला लागणार. तेव्हा मराठी घरात बाई काय करत असते?"

"स्वयंपाक."

"मग तुमच्याकडे तिची पाठ असते. ती टीव्ही बघत नाही, ऐकते. तुम्ही अकरा वेळा 'हे बघा' लिहिलंय."

मला चकली धरून वळलेली आई आठवली. त्या दिवसापासून मी पाठमोऱ्या बाईसाठी लिहायला लागले. 'हे बघा' नाही. 'परातीतल्या पाण्यावर शिवणाची सुई आडवी ठेवली आहे'. 'याच्यामुळे ते वर येतं' नाही. 'हवा तापली म्हणून फुगा वर गेला'. सर्वनामं गाळली की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं शब्दांचं. पृष्ठताण, केशाकर्षण, प्रारण हे बालभारतीचे शब्द मुलांना पाठ असतात आणि म्हणूनच ते उच्चारले की मुलांचे कान मिटतात, कारण ते परीक्षेचे शब्द. मी आधी गोष्ट सांगायची आणि शेवटी, जाता जाता, "याला पुस्तकात पृष्ठताण म्हणतात" असं म्हणायची. आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सरांनी एक भाग पाहिला आणि मला थांबवून म्हणाले, "पाण्याच्या रेणूंना काठावर राहायला आवडत नाही, असं तुम्ही म्हणालात. रेणूंना आवडनिवड असते?" मी म्हटलं, "नसते सर." ते बरोबरच होते. मी ते वाक्य तरीही ठेवलं.

स्टुडिओतल्या बारीकसारीक गोष्टी कुणी शिकवत नाही, चुकून शिकायच्या. बारीक चेक्सची साडी नेसायची नाही, पडद्यावर मुंग्या धावतात. मंगळसूत्र कॉलर माइकवर घासलं की कानठळ्या बसतात. फ्लोअर मॅनेजर बोटं मोडत पाच-चार-तीन करतो, पण दोन आणि एक तोंडाने म्हणत नाही. ते मनात मोजायचे. पहिल्या दिवशी मी त्या दोन आकड्यांची वाट बघत उभी राहिले.

सुईचा भाग मात्र सविस्तर सांगते, कारण तिथे माझी डिग्री पाण्यात बुडाली, अक्षरशः.

पाण्यावर पोलादी सुई तरंगते. लहानपणापासून शेकडो वेळा केलेला प्रयोग. स्टुडिओत पितळी परात, स्वच्छ पाणी, टिश्यू पेपरच्या तुकड्यावर सुई अलगद ठेवली, कागद भिजून खाली गेला आणि त्याच्यामागून सुईही गेली. पुन्हा. पुन्हा. सात टेक झाले. दिवे तापत होते, पावडर ओघळत होती, आणि कॅमेरामन काका माझ्याकडे आता दयेने बघत होते. आठव्या वेळी सेटवरच्या मुलाला विचारलं, "परात कशाने घासलीस रे?" तो अभिमानाने म्हणाला, "डबल साबण लावलाय मॅडम, चकचकीत."

साबण पाण्याचा पृष्ठताण निम्म्याच्याही खाली आणतो. इमल्शनमध्ये डॉक्टरेट घेतलेल्या बाईला हे सुचायला आठ सुया लागल्या. परात दहा पाण्यांनी खळबळून काढली. मग आणखी एक सुचलं. आमची आजी शिवताना सुई मधूनच केसांतून फिरवायची. तेलाचा पुसट हात लागला की सुई कापडातून सहज सरकते, आणि पाण्यालाही दूर ठेवते. मी कॅमेऱ्यासमोरच सुई केसांतून फिरवली आणि ठेवली. तरंगली. दिग्दर्शिकेने बुडालेल्या सुयांसकट सगळं तसंच लावलं, त्या मुलाच्या "डबल साबण"सकट. त्या भागाला जितकी पत्रं आली तितकी पुढे कशालाच आली नाहीत.

संस्थेत मात्र मी 'टीव्हीवाल्या बाई' झाले. कुणी तोंडावर वाईट बोललं नाही. पण बढतीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न आला, "शूटिंगमधून वेळ मिळतो का?", आणि सगळे हसले, मीही हसले. बढती पुढल्या खेपेला गेली. तेव्हा मी टीव्हीवरून विज्ञान सांगणारे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या उदाहरणाने मनाची समजूत घालायची: अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९९२ मध्ये त्यांना सदस्य करून घेतलं नाही आणि १९९४ मध्ये त्याच अकादमीने लोकहिताच्या कामासाठी पदक दिलं. समजूत फार टिकायची नाही, कारण सेगन कुठे आणि मी कुठे. आणि जवळचं उदाहरण तर उलट होतं. पुण्यातच जयंत नारळीकर आयुकासारखी खगोलशास्त्राची संस्था उभी करून चालवत होते, संशोधन करत होते, मराठीत कथा लिहीत होते, दूरदर्शनवर बोलत होते, आणि सही मागणाऱ्या पोरांना सांगत होते की सही नाही, पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, उत्तर देईन. म्हणजे जमणाऱ्याला दोन्ही जमतं. मला जमत नव्हतं, हे खरं. तीन वर्षांत माझे दोनच पेपर आले होते.

ऑगस्ट २००६. माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोक रात्री बाटल्या भरत होते, प्यायला घेत होते, पोरांना पाजत होते. एका वृत्तवाहिनीने मला पुण्यात फोन लावला. याला 'फोनो' म्हणतात: पडद्यावर तुमचा जुना फोटो आणि मागे आवाज. माझा पहिला लाइव्ह. मी क्षारतेपासून सुरुवात केली. पावसाळ्यात मिठी नदीतून खाडीत गोडं पाणी येतं, ते खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून वर तरंगतं, भरती-ओहोटीप्रमाणे ते कमी-जास्त मिसळतं... मी त्या पाण्यातल्या सांडपाण्याकडे आणि कारखान्यांच्या घाणीकडे वळणार, तेवढ्यात कानात आलं, "धन्यवाद मॅडम, एक छोटासा ब्रेक." 'पिऊ नका' हे दोन शब्द माझ्या तोंडातच राहिले. ब्रेकनंतर दुसरा विषय.

शोधनिबंधात निष्कर्ष शेवटी असतो. वीस वर्षांची सवय. टीव्हीवर निष्कर्ष आधी, कारण शेवट तुमच्या हातात नसतो. (दोनच दिवसांत उत्तरेकडे मूर्ती पुन्हा दूध प्यायला लागल्या. मी पर्समध्ये बत्ता घालून स्टुडिओत गेले आणि पहिलं वाक्य बोलले: "हा बत्तासुद्धा दूध पितो." त्या दिवशी मला कुणी तोडलं नाही.)

२००७ मध्ये मराठीत चोवीस तासांच्या बातम्या सुरू झाल्या आणि 'शास्त्रज्ञ' हा माणूस एकदम महागला. कामात असलेले शास्त्रज्ञ फोन उचलत नाहीत, मी उचलायचे. मी रसायनशास्त्राची, पण धूमकेतू, भूकंप, कोंबड्यांचा ताप, सगळ्याला मी. नाही म्हणायला हवं होतं. मेकअपच्या खुर्चीत बसलं की माणसाला आपण सर्वज्ञ आहोत असं वाटायला लागतं, हे मी स्वतःवरून सांगते.

१० सप्टेंबर २००८ ला जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यात, लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये, प्रोटॉनचा पहिला झोत फिरणार होता. आपल्याकडे हवा अशी, की कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळली जाणार. मला एका वाहिनीने बोलावलं. शेजारी ज्योतिषी, पडद्याच्या कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ. अँकर माझ्याकडे वळला. "मॅडम, शंभर टक्के खात्रीने सांगाल का, की जग संपणार नाही?"

मी म्हणाले, "विज्ञानात शंभर टक्के असं काही नसतं. पण ही शक्यता नगण्य आहे."

बोलून झाल्यावर मी समाधानाने पाणी प्यायले. काटेकोर बोलले होते. समोरच्या मॉनिटरवर खालची पट्टी बदलली: 'शास्त्रज्ञांनाही शंभर टक्के खात्री नाही'. दिवसभर ती पट्टी फिरत होती. कराडहून आईचा फोन आला: "शेजारच्या वहिनी विचारतायत, मुलाला शाळेत पाठवू का?"

मध्य प्रदेशातल्या एका सोळा वर्षांच्या मुलीने याच भीतीने आत्महत्या केल्याची बातमी आली. ती माझी वाहिनी बघत नसणार, भाषाच वेगळी. तसा माझा काही संबंध लावता येत नाही. मी लावत राहिले.

रात्री जागून वाचलं, जे आदल्या रात्री वाचायला हवं होतं. त्या दिवशी टक्कर होणारच नव्हती. झोत एका वेळी एकाच दिशेने फिरवून बघायचा होता, बस्स. प्रत्यक्ष टकरी वर्षभराने, २००९ च्या नोव्हेंबरात सुरू झाल्या. शिवाय यापेक्षा कितीतरी जोरदार टकरी वैश्विक किरणांमुळे आपल्या डोक्यावरच्या हवेत अब्जावधी वर्षं होत आल्या आहेत आणि पृथ्वी जागेवर आहे. वैश्विक किरण म्हणजे यशपालांचा विषय. त्या यंत्राच्या कामात मुंबईची टाटा संस्था होती, बोगद्यातले अजस्र चुंबक ज्या जॅकवर बसवलेत ते भारतातून गेलेले होते. एक फोन केला असता तर कुणीही सांगितलं असतं. "आज टक्कर नाहीच आहे" हे एक वाक्य मी बोलले असते, तर ते उलटं करून पट्टीवर लावता आलं नसतं.

आणि त्या 'शंभर टक्के नसतं'मध्ये काटेकोरपणा कमी आणि आळस जास्त होता. उद्या पाणी नळातून वर चढेल का, असं विचारलं तर मी टक्केवारी सांगत बसते का? सरळ 'नाही' म्हणते. जिथे 'नाही' म्हणायचं तिथे मी 'सांगता येत नाही'ची शाल पांघरली, कारण मला विषय येत नव्हता आणि तसं कबूल करायचं नव्हतं.

त्यानंतर दीड वर्ष मी कुठल्याच पॅनेलवर गेले नाही. २०१० मध्ये नोकरी सोडली. लोकांना वाटतं टीव्हीसाठी सोडली. खरं तर दोन्ही ठिकाणी अर्धी राहायचा कंटाळा आला होता. दिग्दर्शिका तीच, आता तिची स्वतःची निर्मितीसंस्था. तिला म्हटलं, मला तज्ज्ञ म्हणून बसवू नकोस, प्रश्न विचारायला बसव. तेव्हापासून तेच करते. भूकंपाला भूकंपाचा माणूस, विषाणूला विषाणूचा. माझं काम आदल्या दिवशी त्यांच्याशी तासभर बोलायचं आणि त्यांचं पहिलं वाक्य शोधायचं. बहुतेकांचं पहिलं वाक्य त्यांच्या विसाव्या मिनिटाला असतं. "सर, हे जे आत्ता म्हणालात, ते उद्या सगळ्यात आधी म्हणा," एवढं सांगितलं की ते दचकतात. पगार गेला, मानधनाचे चेक चार-चार महिन्यांनी येतात, त्यावरही वेगळं लिहिता येईल.

२०१९ च्या सप्टेंबरात चांद्रयान-२ उतरणार होतं, तेव्हा मुंबईत एका स्टुडिओत रात्रभराचा कार्यक्रम मी चालवत होते. सात तारखेची पहाट, दोन वाजायला आलेले. हिरवी रेघ ठरलेल्या वाटेने येत होती, मग थबकली. बंगळुरूच्या नियंत्रणकक्षातले चेहरे बदलले. कानातल्या टॉकबॅकवर निर्माता ओरडत होता, "बोला, बोला, काहीतरी भरा! क्रॅश म्हणा, लँड झालं म्हणा, काहीतरी!" समोर तीन पाहुणे, तिघेही पडद्याकडे बघत गप्प. मी एकाला विचारलं, "सर, काय झालं असेल?" ते म्हणाले, "माहीत नाही." मी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "आत्ता आम्हाला माहीत नाही. इस्रो सांगेल तेव्हा तुम्हाला सांगू," आणि थांबले. सात-आठ सेकंद स्टुडिओत कुणी बोललं नाही. टीव्हीवर सात सेकंद म्हणजे काय, ते ज्याने भरलेत त्यालाच कळेल. कानात निर्मात्याचा आवाजही थांबला होता. मग इस्रोचं निवेदन आलं: २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळं ठीक, त्यानंतर संपर्क तुटला, माहितीचं विश्लेषण चालू आहे.

पहाटे साडेतीनला गाडी पुण्याला निघाली. मेकअप तसाच होता. खालापूरच्या टोलनाक्याशी ड्रायव्हरने आरशातून बघत विचारलं, "मॅडम, पडलं का ते?"

"कळलं नाही अजून."

त्याने थोडा वेळ विचार केला. "म्हणजे पडलं."

"तसं म्हणता येत नाही हो."

"बरं," तो म्हणाला, "चहा घेऊ या? घाटात मला झोप येते."